एका 'ऱ्ह'ने खाल्लेला शुक्रवार

आमच्या मेलिंग लिस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी पत्ते चालू करून जेमतेम आठवडा झाला होता, म्हणजे @च्या आधीही मराठी आणि नंतर .भारत. अवघड काम संपलं असं आम्हाला वाटत होतं. २०१२च्या आरएफसी ६५३१ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) प्रमाणे एसएमटीपीयूटीएफ८, म्हणजे इंग्रजीबाहेरच्या लिपीतले पत्ते मेल सर्व्हरला चालवणारी सोय, जमवलं, @च्या आधीच्या भागाला ६४ बाइटची मर्यादा आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणून बाउन्सच्या (न पोचलेली मेल जिथे परत येते त्या) पत्त्यात सभासदाचा पत्ता कोंबायचं बंद करून तिथे नंबर टाकला.

आणि शुक्रवारी एका काकांचा फोन. "अहो, तुमचं मशीन म्हणतंय मी सभासदच नाही, मग रोज मेल कुणाला येतायत?"

डेटाबेसमध्ये बघितलं तर पत्ता होता. तोच कॉपी करून वेबवरच्या फॉर्ममध्ये टाकला तर सापडला, हाताने टाइप केला की गायब! दुपारच्या जेवणापर्यंत मी कॅशला (सर्व्हरने तात्पुरत्या साठवलेल्या जुन्या माहितीला) शिव्या घालत होतो. शेवटी दोन्हींचे युनिकोड कोड (प्रत्येक चिन्हाचा कॉम्प्युटरमधला नंबर) काढून शेजारी ठेवले. पत्त्यात 'ऱ्ह' होता, कुऱ्हाडीतला. काकांच्या मेलमधून आलेला ०९३१, ०९४डी, ०९३९ असा ९ बाइटचा, आणि माझ्या कीबोर्डचा साध्या र ला हलंत देऊन मध्ये झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह घातलेला, १२ बाइटचा. स्क्रीनवर डिट्टो सेम. आम्ही एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या कोडांनी लिहिलं असेल तर ते एकसारखं करायची युनिकोडची पद्धत) लावलं होतंच की, पण ते या दोघांना एक मानत नाही, हे मराठी माणूस असून मला माहीत नव्हतं (लाज वाटली थोडी).

साठवलेला पत्ताच बदलून टाकू असं एकजण म्हणाला, मी नको म्हटलं. @च्या आधीचं काय समजायचं ते समोरच्या सर्व्हरनेच ठरवायचं असतं, आपण त्यात हात घातला की मेल परत यायला लागणार. मग पत्ता आला तसाच ठेवला आणि फक्त शोधण्यासाठी वेगळा कॉलम केला, त्यात य आणि ह च्या आधीचा झेडडब्ल्यूजेवाला र बदलून ऱ होतो.

संध्याकाळी काका सुटले. मी टेस्टमध्ये दऱ्या, वाऱ्या, तऱ्हा, गोऱ्हा असे शब्द भरून घरी गेलो, तर सोमवारी आमच्या हिंदीभाषक टेस्टरचा बग वाट बघत होता: फॉन्ट तुटलाय, र अर्धाच दिसतोय.