डावं कव्हर, दोनदा

मागच्या उन्हाळ्यात अप्पांची येझदी मोटारसायकल गोठ्यातून बाहेर काढली. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, त्याच्या बरीच आधीची ही गाडी. रंग, सीट, वायरिंग पैसे मोजून करून घेतलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. इंजिनची अ‍ॅल्युमिनियमची दोन कव्हरं मात्र माझ्या हातची.

डाव्या कव्हरमागे क्लच. किक आणि गिअरची एकच दांडी तिथूनच बाहेर येते, तिच्याभोवती अप्पांच्या चपलेनं ओढलेल्या रेघा. खालच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढे खड्डे. लिंबांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारायचा पंप अप्पा याच गाडीवर बांधून न्यायचे, आणि त्यातलं मोरचूद अ‍ॅल्युमिनियमला खातं. एकानं सल्ला दिला, "कॉस्टिकच्या पाण्यात बुडव भो, लखलखीत निघीन." कॉस्टिक सोडा नुसती घाण काढत नाही, अ‍ॅल्युमिनियमच विरघळवतो. बरं झालं ऐकलं नाही.

डिझेल आणि ब्रशनं ऑइलचा थर काढला. मग वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर वाढेल तसा बारीक: ४००, ६००, ८००, १०००, शेवटी १५००. पाण्यात थोडा साबण. एका नंबरनं आडवं घासलं की पुढच्यानं उभं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. ४०० वर मी घाई केली. १५०० झाल्यावर कव्हर अंगणात उन्हात धरलं, तर त्याच रेघा आत बसलेल्या. परत ४००. खड्डे पुरते काढायचे तर कव्हर पातळ झालं असतं, म्हणून तीन-चार तसेच ठेवले. अप्पांची सही समजा.

शेवटी सुती बफ, म्हणजे मोटरवर फिरणारं कापडाचं चाक, आणि पॉलिशची वडी. लोखंड घासलेला बफ इथे वापरायचा नाही, त्यातले कण ओरखडे पाडतात. वस्तू चाकाच्या खालच्या अंगाला धरायची. वरची कड लागली की चाक ती हातातून हिसकावतं. माझं कव्हर एकदा थेट गव्हाणीत जाऊन पडलं.

इथपर्यंत ठीक. पण चमक कायमची टिकावी म्हणून दोन्ही कव्हरांवर क्लिअर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, स्प्रे मारला. आई बघत होती. "देवाचे भांडे मी दर सोमवारी घासते, त्याले काय लॅकर मारते का?"

पहिल्याच पावसाळ्यात किकच्या दांडीजवळ नखाएवढा पापुद्रा सुटला. बुटाचा ओरखडा पडला होता, तिथून पाणी आत शिरलेलं. लॅकरखाली लाकडात कीड फिरावी तशा पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा. वर लॅकर, त्यामुळे घासताही येईना. थिनर लावून डाव्या कव्हरवरचं सगळं सोललं आणि ६०० पासून पुन्हा सुरुवात केली.

आता डावं कव्हर बिनलॅकरचंच असतं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं जो अगदी पातळ थर आपोआप बसतो, तोच त्याला सांभाळतो. चमक थोडी मंदावते, एवढंच. महिन्यातून एकदा मेणाचं पॉलिश, गाडी भिजली की कोरडं फडकं. लोखंडाचा गंज असा थांबत नाही, आत खात जातो. म्हणून अ‍ॅक्सल, ब्रेकची सळई, नटबोल्ट जळगावला झिंक प्लेटिंगला, म्हणजे जस्ताचा मुलामा चढवायला, दिले.

उजव्या कव्हरवर लॅकर अजून तसाच आहे. पापुद्रा सुटलेला नाही, म्हणून हात लावलेला नाही. आई येता-जाता त्याच्याकडे बघते.