बाबांच्या चहातली गोळी

आज बाबांनी चहा तसाच बाजूला सारला. ‘अस्पार्टेमने कॅन्सर होतो’ असा मेसेज त्यांना कुणीतरी पाठवला होता. मधुमेहामुळे साखर बंद, म्हणून ते चहात अस्पार्टेमची, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या कृत्रिम गोडव्याची गोळी टाकतात. आणि आता ही गोळीही बंद! त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना. मग मीच दुपारभर याबद्दल वाचत बसले.

२०२३ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला ‘२बी’ गटात टाकलं, हे खरं. पण त्या गटाचा अर्थ ‘पुरावा मर्यादित, शक्यता नाकारता येत नाही’ एवढाच. किती खाल्लं तर धोका, हे तो गट सांगतच नाही. त्याच वेळी अन्नात घालायच्या पदार्थांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट कोल्ड्रिंकचे ९ ते १४ कॅन लागतील. बाबांच्या दोन गोळ्या कुठे!

फिनाइलकीटोन्यूरिया (फिनाइलअॅलानिन हा प्रथिनांतला घटक शरीराला नीट पचवता न येणारा जन्मजात आजार) असलेल्यांनी मात्र अस्पार्टेम टाळायलाच हवं. आणि वजन उतरवण्यासाठी अशा गोळ्यांवर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलंय. मला ते पटतं. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हे मात्र अशा मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

संध्याकाळी बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच गोळी टाकून चहा घेतला.