कठाणी, वैनगंगा आणि आमची गडचिरोली

रविवार, रात्री

मागच्या खोलीत भामरागडची एक पोरगी राहायला आली आहे, गोंडवाना विद्यापीठात एम.ए.ला. जेवताना तिनं विचारलं, “काकू, गडचिरोलीत पाहण्यासारखं काय आहे?” घाईत मार्कंडा एवढंच सांगितलं. भांडी आवरताना पुढचं सुचत गेलं, ते लिहून ठेवते.

खरं तर ती इथे शिकते आहे, हीच मला मोठी गोष्ट वाटते. 2011 पर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीतली कॉलेजं नागपूर विद्यापीठाखाली होती. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याच्याही कितीतरी पुढे. एका कागदासाठी एवढा प्रवास, मुक्कामाचा खर्च वेगळा. घरी धानाची बांधी सोडून कोण जाणार?

गडचिरोली 1905 मध्ये तहसील झाली, 26 ऑगस्ट 1982 ला जिल्हा. पण मुलूख फार जुना. वैरागडला एके काळी हिऱ्यांच्या खाणी होत्या. गोंड राजांचा किल्ला तिथे अजून आहे. अहेरीकडच्या बाबुराव शेडमाक्यांनी इंग्रजांशी लढा दिला आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चंद्रपुरात फाशी गेले. बाहेरच्यांना आमचा जिल्हा फक्त चकमकींच्या बातम्यांतून माहीत असतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मार्कंडा तिला दाखवायचंच. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा तिथे वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून ती जागा पवित्र. काठावर दगडी देवळांचा समूह आहे. मुख्य देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एक वीत जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. वीज पडून त्याचा वरचा भाग ढासळला होता. 1870च्या दशकात इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम इथे येऊन सगळं नोंदवून गेला. महाशिवरात्रीला जत्रेत पाय ठेवायला जागा नसते. मूर्ती नीट पाहायच्या तर एखाद्या साध्या वारी सकाळी जावं.

पण मला विचाराल तर मार्कंड्याइतकंच मेंढा पाहावं. धानोरा रस्त्यावर तीसेक किलोमीटर, कठाणी नदीच्या काठी. देऊळ नाही, किल्ला नाही, छोटं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांची सहमती लागते. एकाचं मन वळलं नाही तर बोलणं पुढे चालू. गावाने स्वतःचे अभ्यासगट चालवले. जंगलाचा कायदा काय म्हणतो, बांबू कुणाचा, हे लोकांनी बसून समजून घेतलं. त्या अभ्यासाच्या बळावर 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा-वापरायचा गावाचा हक्क, मिळाला. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीचं परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात विद्यापीठ स्थापन झालं. माझ्या लेखी या जिल्ह्यातलं शिक्षण मेंढ्यातून मोजायला सुरुवात करावी.

नदीचा धाकही तिला सांगायला हवा. वर गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते, कठाणीचं पाणी तिच्यात उतरत नाही, मागे सरतं आणि आरमोरी रस्ता बंद होतो. भामरागडला पर्लकोटा नदी हेच करते, तिला ते नवीन नाही.

झोपायला जाताना ती पुन्हा दारात आली. तिचे बाबाही ग्रामसभेत आहेत, तेंदूपत्त्याचा हिशेब ठेवतात. एम.ए.चा प्रकल्प त्यावरच करावा म्हणते. मी म्हटलं, कर बापा, आधी मेंढ्याला जाऊन येऊ. पण रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर. आत्ता गेलो तर गावात कोणी भेटणार नाही, सगळे बांधीत.