काळ्या-पांढऱ्यात चिरा

आचरा, कार्तिक. रात्र.

कोकणातलं घर कृष्णधवल टिपायचं म्हणजे पहिला घोळ रंगांचाच. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत तांबडीभडक, मागचे माड हिरवेगार, डोळ्यांना दोन्ही कसे वेगवेगळे दिसतात. रंग काढून घेतला की मात्र दोघंही जवळपास एकाच राखाडीत जातात आणि भिंत झाडीत विरघळते. हिरवा फिल्टर लावला तर पानं उजळतात, चिरा गडद होतो, घर मोकळं होऊन पुढे येतं. लाल फिल्टरने बरोबर उलट. बऱ्याच जणांना तो आवडतो, कारण निळं आकाश नाटकातल्या पडद्यासारखं काळंकुट्ट होतं. मला नाही आवडत. कार्तिकातल्या स्वच्छ सकाळी कसलं आलंय वादळ!

खरं काम ऊन करतं. सातच्या सुमारास ते भिंतीला घासून तिरपं जातं, तेव्हा जांभ्याचं भोक न् भोक दिसतं आणि हाताने तासलेल्या चिऱ्यावरचे घावही दिसतात. मशीनवर कापलेल्या चिऱ्यावर ते नसतात. खाणीतून काढला तेव्हा हाच दगड मऊ असतो, हवा लागेल तसा घट्ट होत जातो. म्हणून तर गिलावा न केलेल्या भिंतींवर ते घाव अजून शाबूत आहेत. दुपारी सगळं सपाट.

आज सकाळी एका वाडीत मांगर, म्हणजे वाडीतलं साधं घर, टिपला. अर्ध्या छपरावर नळे, म्हणजे मातीची जुनी कौलं, अर्ध्यावर निळा पत्रा. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात ती बाजू उडाली, तेव्हापासूनचा. पुढच्या खळ्यात तुळशीच्या लग्नासाठी वृंदावन नुकतंच गुलाबी ऑइलपेंटने रंगवलेलं. हे दोन्ही रंग घालवणं अगदी सोपं आहे. संगणकावर निळ्याची पट्टी खाली ओढली की पत्रा काळवंडून जुन्या नळ्यांत मिसळतो, गुलाबी वृंदावन तर चुन्याचंच वाटायला लागतं. क्षणात मांगर आजोबांच्या काळात जाऊन बसतो. लोक ‘वाह’ म्हणतात ते बहुधा या चलाखीला, असा मला संशय आहे.

घरच्या काकी पडवीत सुपारी सोलत होत्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून म्हणाल्या, “रंगीत काढ रे झिला. काळो-पांढरो फोटो भिंतीर टांगतत तो मेलेल्यांचो.” मी जरा बाजूला सरकून पत्रा टाळायला बघत होतो, तर तेही त्यांच्या लक्षात आलं. “पत्रो दिसांदे. त्येचे पैसे मोजलेले आसत.”

बरोबरच आहे. नळे सुंदर दिसतात ते खालून बघणाऱ्याला. दर मे महिन्यात वर चढून ते परतायचे, फुटके बदलायचे, आणि मग वर्षभर माकडांनी उड्या मारून पुन्हा फोडायचे. चढणारे हात मुंबईला. पत्र्याखाली वैशाखात भाजून निघतं आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण घर गळत नाही. हे सगळं सोसून उभा असलेला मांगर मी फोटोत पत्र्याशिवाय दाखवला तर तो कुणाचा मांगर?

म्हणून आजच्या फोटोत पत्रा मध्यभागीच ठेवला. पट्टीला हात लावला नाही. कृष्णधवलमध्ये त्याच्या सरळ पन्हळी आणि नळ्यांच्या वेड्यावाकड्या ओळी शेजारी शेजारी छान वाचता येतात. रंगीतमध्ये नजर नुसती निळ्यावर जाऊन आदळत होती. कृष्णधवल मला हवं ते एवढ्यासाठी. जुनेपणा चढवायला नको. काकींसाठी रंगीत फोटोही काढलाय, वृंदावनाशेजारी त्या उभ्या आहेत असा. तो मोठ्या आकारात छापून द्यायचा.

उद्या देवळात जायचं. तिथे भिंतीवर कावी काम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि ओला असतानाच तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ही दक्षिण कोकणातली आणि गोव्यातली जुनी रीत. मुळात दोनच रंगांचं काम असल्याने कृष्णधवलमध्ये त्याचं फारसं काही हरवत नाही. फक्त लाल फिल्टर चुकूनही नको, काव चुन्याइतकीच फिकी होऊन वेलबुट्टी पुसली जाईल. हिरवा घ्यायचा. गाभाऱ्याबाहेर उजेड कमी असतो, तेव्हा तिपाई. पुजाऱ्यांना आधी विचारायचं. बॅटरी चार्जिंगला लावली आहे, पण वीज आत्ताच गेली.