दफनभूमीतला नळ

गेल्या जुलैत फ्रान्समधल्या तुलूझहून कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाने सायकलवर निघालो असताना, दुपारी साडेबाराच्या सुमारास माझी पाण्याची बाटली वाजू लागली. भरलेली बाटली सायकलच्या दांड्यावरील कडीत मुकाट बसते. रिकामी झाली की बारीकशा खडीवरही खडखडते, आणि तो आवाज एकदा कानात शिरला की दुसरे काही ऐकू येत नाही. चार हातांवर 240 किलोमीटर लांबीचे पाणी संथ पडून होते. उसाच्या रसात कोणी शाई सांडावी तसा त्याचा रंग होता, आणि एक बदक त्यावर आपल्या पिलांना कसलीशी शिस्त लावीत होते. त्यातले ओंजळभरही पाणी पिण्याजोगे नव्हते.

कालव्याच्या काठाने सायकल चालवणे सोपे असते, असे ज्यांनी ती तेथे चालवलेली नाही ते सांगतात. तुलूझपासून नोरूझच्या माथ्यापर्यंतच्या पन्नासएक किलोमीटरांत कालवा जेमतेम 57 मीटर चढतो. पुण्याची पर्वतीसुद्धा याहून उंच भरेल. पण चढ नाही म्हणजे उतारही नाही, आणि उतार नाही म्हणजे पाय थांबवून चाकाची टिकटिक ऐकत बसण्याची फुकटची चैनही नाही. बोटींना वरखाली करणाऱ्या प्रत्येक लॉकपाशी वाट दोनतीन मीटरांची एक उसळी घेते, तेवढाच काय तो बदल. बाकी सारा वेळ पाय फिरत राहतात, घाम वाऱ्यावर वाळत राहतो, आणि अंगातले किती पाणी गेले हे घशाला कोरड पडेपर्यंत कळतच नाही. त्यात ओताँ सुटला असेल तर विचारूच नये. आग्नेयेकडून येणारा हा वारा माणसाला वेड लावतो असे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत, आणि नेमके त्याच दिशेला तोंड करून निघालेल्या माणसाने त्यावर वाद घालण्याचे कारण नाही.

साडेबाराची वेळही वाईट. लॉकवरचा माणूस साडेबारा ते दीड जेवायला जातो, आणि बंद दारांसमोर खोळंबलेल्या बोटींतील मंडळीही त्याबद्दल कुरकुर न करता स्वतःचे ताट मांडून बसतात. पाण्यासाठी गावात वळावे तर पावाचे दुकान बंद, किराणा बंद, खिडक्यांच्या झडपा बंद. सोमवार असेल तर सगळे दिवसभरच बंद. दुपारी एक ते चार दुकान मिटण्यावरून आपल्याकडे एका शहराची जी थट्टा होते, ती करणाऱ्यांनी एकदा या लोरागे भागातील खेड्यांतून दुपारी पाणी मागत हिंडून पाहावे.

अशा वेळी मी सायप्रसची झाडे शोधतो. उंच, काळपट, मिटलेल्या छत्रीसारखी ही झाडे दोनतीनच्या घोळक्याने गावाबाहेर दिसली की त्यांच्याखाली दफनभूमी असणार, आणि दफनभूमीत नळ असणार. वस्तीत दफन करू नये, त्यासाठी गावाबाहेर जागा ठेवावी असा हुकूम नेपोलियनच्या राजवटीत 1804 साली निघाला. त्याचा हा उपयोग हुकूम काढणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल, पण गावात न शिरता रस्त्याच्या कडेलाच पाणी मिळते. तेथील सायकलवाल्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. मला ते कळले एका म्हाताऱ्या जोडप्यामुळे. अंगाला चिकटणाऱ्या रंगीत कपड्यांतील ती दोघे फाटकातून चार भरलेल्या बाटल्या घेऊन बाहेर पडली, मला अगदी सहज ‘बाँझूर’ म्हणाली, आणि सायकलींवर बसून निघून गेली. मी मात्र फाटकाशी बराच वेळ उभा होतो.

नळ अगदी साधा असतो. भिंतीला टेकलेला पितळी तोटीचा नळ, खाली दगडी कुंडी, आणि बाजूला खिळ्यांना टांगलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या झाऱ्या. हे पाणी असते कबरींवरील फुलांसाठी. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला येथे सगळा गाव कुंड्या घेऊन येतो, आणि त्या कुंड्या असतात शेवंतीच्या. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या वर्षी मी एका घरी जेवायला जाताना मोठ्या हौसेने पिवळ्या शेवंतीची कुंडी नेली होती. यजमानीणबाईंनी ती हसून घेतली आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवली. आमच्याकडे हिच्या वेण्या माळतात, हिचे हार देवाला घालतात, हे सांगण्याइतकी फ्रेंच भाषा तेव्हा मला येत नव्हती.

फाटकाशी मला उभे केले होते ते आजीने. आमचे गाव बारामतीच्या बाजूला, नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठी. आजोबांच्या चोवीस इंची काळ्या सायकलच्या मधल्या दांड्याखालून पाय घालून मी आणि माझा चुलतभाऊ कालव्याच्या भरावावरून आळीपाळीने हाणत जायचो. आवर्तन चालू असले की तहानेचा प्रश्न नसे. काठावर पालथे पडून तोंड लावायचे. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, असे आजीचेच मत होते. पण मे महिन्यातल्या एका दुपारी पाळी संपलेली होती, कालव्याच्या तळाला चिखलाचे पापुद्रे सुटले होते, आणि आसपास पाण्याची जागा एकच होती: मसणवटीजवळचा हापसा, लोकांनी परत जाताना हातपाय धुवावेत म्हणून बसवलेला. भावाने हापसले, मी प्यालो. मग मी हापसले आणि तो प्याला. घरी काही बोलायचे नाही असे ठरले आणि त्याने ते रात्रीपर्यंत पाळलेही. जेवताना त्याला उचकी लागली, आणि उचकी थांबता थांबता सगळे बाहेर आले. आजीने आम्हा दोघांना परसात उभे करून डोक्यावरून गार पाण्याच्या बादल्या ओतल्या, कपडे बाहेरच भिजत टाकायला लावले, वर गोमूत्रही शिंपडले. मग पदराने माझे डोके खसाखसा पुसताना, कोणी ऐकत नाही असे पाहून, हळूच विचारले, “गोड लागलं का रे?” आमच्या विहिरीचे पाणी जन्मभर मचूळ होते.

ज्या माणसाने हा फ्रान्समधला कालवा काढला त्याचीही सगळी अडचण पाण्याचीच होती. पिएर-पॉल रिके हा बेझियेचा, मिठावरील कराचा मक्तेदार. मीठ आणि कर हे शब्द शेजारी आले की आपल्याला वेगळेच काही आठवते, पण या मनुष्याने त्या पैशातला बराचसा मातीत, म्हणजे खोदाईत घातला. भूमध्य समुद्राकडून एक कालवा वर आणायचा आणि अटलांटिकच्या अंगाला उतरवायचा, ही कल्पना त्याच्या आधीही अनेकांना सुचली होती. मधल्या माथ्यावर पाणी कोठून आणायचे येथे सगळे अडले होते. रिकेने उत्तरेच्या काळ्या डोंगरातले ओढे वळवले, सँ-फेरेओलला धरण बांधून साठ लाख घनमीटरांहून अधिक पाणी अडवले, आणि ते एका पाटाने नोरूझच्या माथ्यावर आणून सोडले. तेथे ते दोन्हीकडे वाटले जाते, आणि माथ्याच्या दोन टोकांच्या लॉकांची नावे आजही ‘महासागर’ आणि ‘भूमध्य’ अशीच आहेत. आमच्याकडचा पाटकरी खांद्यावर फावडे टाकून बारे मोडायला निघे, तेच काम हे, फक्त एका शेताऐवजी एका समुद्राच्या वाट्याचे. खोदाई 1666 च्या राजाज्ञेनंतर सुरू झाली आणि कालवा 1681 च्या मे महिन्यात खुला झाला. रिके त्याआधी सात महिने, 1680 च्या ऑक्टोबरात, वारला होता.

नोरूझच्या आसपास ओत-गारोन जिल्हा संपतो आणि त्याच्याबरोबर गुळगुळीत डांबरही संपते. पुढे मातीची वाट आणि झाडांची मुळे लागतात, म्हणून मी तेथून पिवळ्या डोक्याच्या किलोमीटरच्या दगडांचा जिल्हा रस्ता धरतो आणि अधूनमधून पुन्हा कालव्याला येऊन मिळतो. दर वेळी सावली थोडी कमी झालेली वाटते. कालव्यावर प्लेन नावाची, आपल्या चिनारच्या जातकुळीतली, बेचाळीस हजारांच्या घरात झाडे होती, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून एक बुरशी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली असे मानतात. या कालव्यावर ती 2006 साली सापडली. तिच्यावर औषध नाही. झाड लागण झालेले असो की नुसते त्याच्या शेजारचे, तोडून जाळावे लागते, आणि त्या जागी दुसऱ्या जातीची काठीएवढी रोपे खांबांना बांधून उभी केली आहेत. त्यांच्या सावलीत जेमतेम सायकलचे एक चाक मावते.

दफनभूमीतल्या पाण्याबद्दल मी मनाशी एक तडजोड केली आहे. बाटल्या आत भरायच्या, पण फाटकाच्या आत घोट घ्यायचा नाही. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असेल तर ते पाणी फक्त डोक्यावर ओतायचे, म्हणजे आजीचाही नियम परस्पर पाळला जातो. त्या जुलैच्या दुपारीही मी तसेच केले. फाटकाबाहेर येऊन भिंतीच्या सावलीत बसून अर्धी बाटली एका दमात प्यालो. पाणी गोड होते.

उरलेले अर्धे तसेच घरी आले आणि तीन दिवस स्वयंपाकघरात ओट्यावर उभे राहिले. ते ओतून देववेना आणि पिववेनाही. चौथ्या दिवशी बाल्कनीत गेलो, तुळशीच्या कुंडीपाशी क्षणभर थांबलो, आणि शेजारच्या जिरेनियमला घातले.