चाळणीच्या उलट

आईचा फोन आला की प्रश्न ठरलेला: "तिकडे तू नक्की करतेस तरी काय?"

"रेणू निवडते."

"घरी कधी काही निवडलं नाहीस ते!"

पॉलिमर म्हणजे साखळीसारखे लांब रेणू; त्याच्या एका बाटलीत आखूड, लांब, फारच लांब अशा साखळ्यांची सरमिसळ असते. ती आम्ही जीपीसीवर, म्हणजे जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर, वेगळी करतो. स्टीलचा साधारण 30 सेंटिमीटरचा कॉलम, म्हणजे नळी, आत सच्छिद्र मणी, आणि त्यातून मिनिटाला 1 मिलिलिटर टीएचएफ हा द्रावक. द्रावणात साखळीची गुंडाळी होते. छोटी गुंडाळी दिसेल त्या छिद्रात शिरून रेंगाळते, मोठीला शिरताच येत नाही, म्हणून ती आधी बाहेर. चाळणीच्या बरोबर उलट! सेंद्रिय द्रावकांतली ही पद्धत जे. सी. मूर यांनी 1964 साली मांडली.

आल्या आल्या मी माती खाल्ली. कॉलममधून कधी किती बाहेर आलं, त्या आलेखाच्या शेवटी एक टोकदार शिखर दिसलं. आखूड साखळ्या सापडल्या म्हणून मी दोन दिवस हवेत. गाइडने आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "नमुना कुठल्या बाटलीत विरघळवलास?" शेल्फवरच्या. त्यात पेरॉक्साइड होऊ नयेत म्हणून बीएचटी नावाचं संरक्षक रसायन घातलेलं होतं, यंत्रातल्या टीएचएफमध्ये नव्हतं. माझा शोध म्हणजे तेच बीएचटी. आता नमुन्यालाही यंत्राच्याच बाटलीतलं टीएचएफ वापरते.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. यंत्र वजन मोजतच नाही, गुंडाळीचं आकारमान मोजतं. आपण वजन माहीत असलेल्या पॉलिस्टायरीनवरून माप ठरवतो, त्याच मापाने अॅक्रिलिकचं वजन वाचतो आणि तो आकडा बिनदिक्कत लिहून मोकळे होतो. स्ट्रासबर्गच्या बेनुआ आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये तोडगा काढला: रेणुभार (रेणूचं वजन) आणि आंतरिक श्यानता (साखळी द्रावणाला किती दाट करते ते) यांचा गुणाकार बाहेर येण्याच्या वेळेसमोर मांडा, मग वेगवेगळी पॉलिमर बहुतेकदा एकाच रेषेवर येतात. मला हे फार देखणं वाटतं.

सध्या मात्र वेगळीच कटकट आहे. साखळ्या सारख्याच, पण त्यांच्या टोकांचे अणूंचे गट निराळे; जीपीसीला तो फरक कळत नाही. मग द्रावकांचं मिश्रण आणि तापमान असं साधायचं की छिद्रात शिरण्याचा तोटा (तिथे साखळीला अवघडून बसावं लागतं) आणि मण्याला चिकटण्याचा फायदा नेमके फिटावेत. तेव्हा लांबीचा प्रश्नच उरत नाही, सगळ्या साखळ्या एकाच वेळी येतात आणि फक्त टोकं बोलतात. मिश्रण टक्काभर सरकलं तरी बिघडतं. तीन आठवडे मी त्या टक्क्याच्या मागे आहे.

आईला यातलं "चिकटण्याचा फायदा" तेवढं पटलं. "लग्नाचं बघ," म्हणाली.