मंजिऱ्या खुडायच्या नाहीत!

आमच्या मुलुंडच्या घरी ग्रिलमध्ये तुळस आहे. गेल्या वर्षी तिला अळी लागली. पानं जाळ्यानं चिकटवायची आणि आत बसून खात राहायची. दर रविवारी मी कडुनिंबाचं तेल फवारायचे, पुढच्या रविवारी अळी पुन्हा हजर.

शेवटी फवारणी सोडली आणि गांधीलमाश्यांना बोलवायचं ठरवलं. घरात अर्थातच सांगितलं नाही.

गांधीलमाशी पिल्लांना अळ्या भरवते, पण स्वतः मधावर जगते. तिची जीभ आखूड. एक्झोराच्या फुलाच्या लांब नळीतला मध फुलपाखरांनी प्यावा. हिला कोथिंबीर, शेपू, बडीशेपेची बारीक, उघडी फुलं लागतात. नोव्हेंबरात धणे रगडून पेरले, बडीशेप टाकली. बडीशेप उन्हाअभावी लोळली, ते प्रकरण संपलं. कोथिंबीर मात्र तरारली आणि खरी परीक्षा सुरू झाली: ती कापायची नाही! पोह्यांवर विकतची कोथिंबीर भुरभुरताना सासूबाई माझ्याकडे कशा बघायच्या ते विचारू नका. त्यात गांधीलमाश्यांसाठी तुळशीच्या मंजिऱ्याही खुडू नका म्हटल्यावर तर त्यांनी बोलणंच टाकलं.

जानेवारीअखेर पांढरी फुलं आली. आधी फुलांवर घिरट्या घालणाऱ्या इवल्या माश्या, मग एके सकाळी बारीक कमरेची कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी.

"अगं, चावेल ती!"

"पिऊ द्या हो आई, हात नाही लावला तर काही करत नाही."

आठवड्यात तिनं खिडकीच्या चौकटीला बोराएवढं मातीचं मडकं केलं. आत एक अंडं टांगलं आणि हिरव्या अळ्या आणून कोंबू लागली. ते बघून सासूबाईंचा अबोला पुरता सुटला. "हीच की भिंगुरटी! अळीपुढे गुणगुणते आणि अळीची भिंगुरटी होते. कीर्तनात ऐकलंय."

मी सांगितलं, अळीची भिंगुरटी होत नाही. डंखानं ती बधिर पडते, आणि अंड्यातलं पिल्लू तिला ताजीच खातं.

"मेली!" एवढंच म्हणाल्या.

अळ्या पूर्ण गेल्या नाहीत, पण तुळशीला नवी पानं टिकू लागली. जास्वंदीच्या पिठ्या ढेकणाला कुंभारीण विचारत नाही; तो मी अजून जुन्या टूथब्रशनंच घासते. आणि दुसऱ्या जातीच्या गांधीलमाश्यांनी दारावर कागदी पोळं धरलं तर मी ते काढून टाकते, तिथे माझा उदारपणा संपतो.

परवा देवपूजेला मंजिऱ्या हव्या होत्या. सासूबाईंनी दोनच खुडल्या.